कागदावरची रेषा, काचेवरची रेषा

वाचकांचे प्रश्न : चित्रकला

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच शंकेभोवती फिरत होती. टॅबलेट आणि स्टायलस हाती असताना पेन्सिल, कार्ट्रिज कागद आणि वस्तुचित्राचा सराव यांची गरज उरते का, असे व्यावसायिक बोधचित्रकारांनी विचारले आहे, तसेच शाळकरी मुलांच्या पालकांनीही. त्यांतल्या पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण इतर अनेकांच्या शंका त्यातच सामावलेल्या आहेत.

प्रश्न : मी कोल्हापूरला राहतो आणि गेली तीन वर्षे मुलांच्या पुस्तकांसाठी टॅबलेटवर चित्रे काढतो. कामे वेळेवर देतो, प्रकाशकही समाधानी आहेत. मागच्या महिन्यात दिवसभर वीज नव्हती, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरातला तांब्या, पोळपाट आणि कढई काढायला बसलो. तासाभराने कागदावर जे उतरले ते पाहून मला फार लाज वाटली. माझे कौशल्य खोटे आहे का, की केवळ माध्यम बदलल्यामुळे असे झाले? मी पुन्हा पेन्सिलपासून सुरुवात करावी का?

उत्तर : आपल्या पत्रातला प्रामाणिकपणा मला आवडला, 'खोटे' हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा. पानाची मांडणी, पात्रांचे हावभाव, गोष्टीतला नेमका क्षण निवडणे, हे सारे तीन वर्षांत आपण कमावलेले आहे आणि ते खरेच आहे. प्रश्न एवढाच आहे की तांब्या का बिघडला. त्याची दोन कारणे संभवतात. कागदाचा खरखरीतपणा, पेन्सिलीच्या टोकाचा दाब आणि मांडीवरचा बोर्ड यांची सवय नसणे हे एक, आणि समोरच्या वस्तूकडे पाहून तिची प्रमाणे ठरवण्याची सवय नसणे हे दुसरे. पहिली उणीव दोन-तीन आठवड्यांत भरून निघते. दुसरी आपोआप भरून निघत नाही, आणि माध्यम कोणतेही घेतले तरी ती सोबत येते.

आपल्या बाबतीत नेमके काय घडले ते ठरवण्यासाठी त्याच तीन वस्तू त्याच जागी मांडा आणि त्या टॅबलेटवर काढा. मात्र चित्र एकाच थरावर काढायचे, झूम करायचे नाही, अनडू, म्हणजे मारलेली रेषा मागे घेण्याची सोय, वापरायची नाही, रेषा आपोआप सफाईदार करणारी सोय बंद ठेवायची आणि वस्तूंचा फोटो काढून तो समोर घ्यायचा नाही. असे काढलेले चित्र चांगले उतरले, तर आपली अडचण फक्त कागदाच्या अनोळखीपणाची होती असे समजून निश्चिंत व्हावे. तेही बिघडले, तर आजवर यंत्राच्या सोयी काही निर्णय आपल्या वतीने घेत होत्या, हे आपल्याला कळेल. हे निर्णय कोणते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळा विषय तिथेच आहे.

झूमची सोय घ्या. प्रमाण म्हणजे एका भागाचे दुसऱ्या भागाशी असलेले नाते. कढईचा कान कढईच्या रुंदीच्या किती पट आहे, हे दोन्ही एकदम दिसत असतानाच ठरवता येते. कान मोठा करून पाहिला की तो सुबक काढता येतो, परंतु त्याचे कढईशी असलेले नाते त्या क्षणी नजरेआड झालेले असते. त्यामुळे प्रत्येक तुकडा नीटनेटका आणि एकत्र पाहिले की सगळे चुकलेले, अशी चित्रे मी वर्गात वारंवार पाहतो. कागद मोठा होत नाही. म्हणून बोर्ड उभा धरून मधून मधून चार पावले मागे जाण्याची सवय चित्रकाराला लावून घ्यावी लागते. अनडूचे तसेच आहे. चुकलेली रेषा पुसण्यात काहीही गैर नाही, खोडरबर आम्हीही वापरतोच. मात्र कागदावर पुसलेल्या रेषेचा पुसट माग उरतो, आणि नवी रेषा त्या चुकीच्या डावीकडे घ्यायची की उजवीकडे हे तो माग सांगतो. टॅबलेटवर चूक समूळ नाहीशी होते, आणि तीच चूक त्याच जागी पुन्हा होते. वीस वेळा रेषा मारून एकविसावी बरी निघाली म्हणून ठेवणे आणि रेषा मारण्याआधी तिची जागा ठरवणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि त्यांतली दुसरीच शिकण्यासारखी आहे.

आता तांब्याकडे येऊ. तांब्याचे तोंड, गळा, पोट आणि बूड ही सगळी वर्तुळे असतात आणि आपल्या नजरेला ती लंबवर्तुळे दिसतात. वर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितके खाली असते तितके ते अधिक उघडे दिसते, म्हणून बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक गोलाईची काढावी लागते. जवळजवळ प्रत्येक नवशिका याच्या नेमके उलट करतो. तोंड चांगले गोल काढतो, कारण तांब्याचे तोंड गोल असते हे त्याला ठाऊक असते, आणि बूड सरळ रेषेने कापतो, कारण तांब्या सपाट ओट्यावर बसला आहे हेही त्याला ठाऊक असते. डोळ्यांना दिसलेले बाजूला राहते आणि मनाला ठाऊक असलेले कागदावर येते. सॉफ्टवेअर आपल्याला निर्दोष लंबवर्तुळ काढून देते. पण ते किती उघडे असावे, हे बसल्या जागेवरून तांब्या कसा दिसतो त्यावर ठरते, आणि आपण कुठे बसलो आहोत हे सॉफ्टवेअरला माहीत नसते.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २००९ मध्ये आयफोनवर आणि पुढच्याच वर्षी आयपॅडवर चित्रे काढायला सुरुवात केली. तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती आणि त्यांच्यामागे पन्नासहून अधिक वर्षांचे रेखाटन होते. यॉर्कशायरमधल्या रस्त्याकडेची झाडे त्यांनी आयपॅडवर रंगवली. त्या चित्रांत यंत्राच्या खुणा लपवलेल्या नाहीत, ब्रशचे ठसेसुद्धा उघड दिसतात, तरीही कोणती फांदी पुढे आहे आणि कोणती मागे याविषयी कुठे संभ्रम नाही. नवे साधन त्यांनी आनंदाने स्वीकारले, आणि पाहण्याचे काम स्वतःकडेच ठेवले.

म्हणून आपण टॅबलेट बाजूला ठेवावा असे मी सांगणार नाही. त्यावर आपला चरितार्थ चालतो. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी चाळीस मिनिटे फोरबी पेन्सिल आणि साधा कागद घ्यावा आणि घरातली एखादी वस्तू समोर ठेवून काढावी. हात पूर्ण ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेण्याची जुनी पद्धत वापरावी. ती पाहणाऱ्याला नाटकी वाटते, पण उपयोगाची आहे, आणि हात कोपरात वाकला की माप बदलते एवढेच तिच्यात सांभाळायचे असते. आठवड्यातून एकदा बसस्थानकावर किंवा मंडईत जाऊन माणसांची भराभर रेखाटने करावीत. तिथे कोणी आपल्यासाठी थांबत नाही, त्यामुळे कोणत्या चार रेषा घ्यायच्या आणि काय सोडून द्यायचे हे तत्काळ ठरवावे लागते. तीन महिन्यांनी पुन्हा तोच तांब्या काढा आणि दोन्ही कागद मला अवश्य पाठवा.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिला पुढे ॲनिमेशन शिकायचे आहे, म्हणून ती टॅबलेट मागते. शाळेतले चित्रकलेचे सर म्हणतात की आधी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट होऊ द्या. या परीक्षा आता कालबाह्य झालेल्या नाहीत का? (एक पालक, लातूर)

उत्तर : कालबाह्य झालेल्या नाहीत, मात्र त्यांची तयारी ज्या पद्धतीने करून घेतली जाते तिच्याविषयी मला तक्रार आहे. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय असतात. ॲनिमेशनकडे जाणाऱ्या मुलीला यांपैकी एकही विषय वाया जाणार नाही. समोर नसलेली व्यक्ती वेगवेगळ्या बाजूंनी मनात फिरवून काढणे हे ॲनिमेशनचे रोजचे काम आहे, आणि स्मरणचित्राचा हेतू तोच आहे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी स्मरणचित्र म्हणजे पाठ केलेले चित्र असा अर्थ झाला आहे. फुगेवाला, बसथांबा, भाजीबाजार अशी ठरावीक दृश्ये, त्यांत ठरावीक तीन माणसे, पाठमोरी बाई आणि हात वर केलेला मुलगा, एवढे घोकून मुले चांगली श्रेणी मिळवतात आणि पुढे कधीही माणूस काढू शकत नाहीत. आपल्या मुलीला बाजारात नेऊन खरा भाजीवाला कसा बसतो, तराजू उचलताना त्याचा कोणता खांदा वर जातो, हे पाहायला सांगा आणि घरी आल्यावर आठवून काढू द्या. ते चित्र परीक्षेच्या साच्यात बसले नाही तरी चालेल.

पुढच्या प्रवेशांचा विचार केला तरी हाताने रेखाटण्याला पर्याय नाही. आयआयटी मुंबई घेत असलेल्या 'यूसीड' या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेचा पहिला भाग संगणकावर होतो, परंतु दुसऱ्या भागातले रेखाटन विद्यार्थ्याला कागदावर हातानेच करावे लागते.

टॅबलेट मात्र अडवून ठेवू नका. परीक्षेत श्रेणी मिळाली तरच टॅबलेट, अशी अट घातली की पेन्सिल ही शिक्षा आणि टॅबलेट हे बक्षीस असे मुलीच्या मनात पक्के होईल, आणि ते पुढे पुसणे कठीण जाईल. पडदा नसलेला, संगणकाला जोडायचा साधा पेन टॅबलेट बराच स्वस्त असतो, आणि 'क्रिता'सारखे उत्तम सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. दोन्ही साधने एकाच टेबलावर असू द्यावीत.

प्रश्न : माझ्या डिजिटल चित्रांतले रंग मातकट होतात. भडक रंग घेतले तर चित्र डोळ्यांवर येते. एका ज्येष्ठ चित्रकारांनी मला सहा महिने पोस्टर कलर वापरायला सांगितले. रंगांची कोट्यवधी मिश्रणे पडद्यावर उपलब्ध असताना त्याने काय साधेल? (नाशिक)

उत्तर : त्या ज्येष्ठांचा सल्ला मोलाचा आहे. निळ्या आणि पिवळ्या पोस्टर कलरचे मिश्रण केले की हिरवा मिळतो, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये शुद्ध निळ्या थरावर शुद्ध पिवळा थर निम्मा पारदर्शक करून ठेवून पाहा. हिरवा मिळत नाही, करडा मिळतो. कागदावर रंगद्रव्ये प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात आणि दोघांनीही न शोषलेला हिरवा भाग आपल्याकडे परततो. पडद्यावर मात्र लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या आकड्यांची नुसती सरासरी काढली जाते. रंगकामाची मनातली सवय पहिल्या प्रकारची आणि साधन दुसऱ्या प्रकारचे, यामुळेच एकावर एक पारदर्शक थर चढवत गेल्यावर आपले रंग मातकट होत असावेत. हवा असलेला मधला रंग आधी ठरवून तो थेट निवडणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि कोणता रंग हवा हे कळण्यासाठी रंगांची थाळी आणि पाण्याचा पेला घेऊन केलेला सराव उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट टोनची, म्हणजे रंगाच्या उजळ-गडदपणाची. चित्राचा टोन तपासण्यासाठी अनेकजण रंग काढून टाकण्याची आज्ञा देतात आणि जे राखाडी चित्र दिसते त्यावर विसंबतात. काही सॉफ्टवेअरमधली ही आज्ञा शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचा अगदी सारखाच राखाडी करते. प्रत्यक्षात पिवळा हा अत्यंत उजळ रंग आहे आणि निळा अत्यंत गडद, हे कोणत्याही डोळस माणसाला सांगावे लागत नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी ज्याने एकदा हाताने रंगवली आहे, त्याला ही फसवणूक लगेच लक्षात येते. मी ती पट्टी प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतो. चौथी आणि पाचवी पायरी वेगळी दिसेपर्यंत बहुतेकांना चार-पाच कागद लागतात.

याच संदर्भात सावंतवाडीत जन्मलेले थोर चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' या नावाने प्रसिद्ध असलेले जलरंगचित्र आठवते. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. एका स्त्रीच्या हातात दिवा आहे, तिने ज्योतीसमोर तळवा धरला आहे आणि बोटांमधून पाझरणारा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर पसरला आहे. पारदर्शक जलरंगात उजळपणा कागदाच्या पांढऱ्यातूनच मिळवावा लागतो आणि गडद झालेली जागा पुन्हा मनासारखी उजळ करता येत नाही, म्हणजे सर्वांत उजळ जागा कोणती हे पहिला हात मारण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. पडद्यावर काम करणाऱ्याने हे चित्र त्या दृष्टीने पाहावे. दिवा झळाळतो तो भोवतालचा प्रत्येक टोन एकेक पायरी दबून राहिल्यामुळे. 'ग्लो'ची तयार सोय ज्योतीभोवती धूसर वलय काढून देईल, पण भोवतालचे दबलेले टोन आपल्यालाच लावावे लागतात.

प्रश्न : पर्स्पेक्टिव्हची जाळी सॉफ्टवेअर आपोआप आखून देते. मग यथार्थदर्शनाची भूमिती शिकण्यात वेळ का घालवावा? (वास्तुकलेचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : जाळी आखली जाते, परंतु तिचे व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे एकत्र मिळताना दिसतात ते बिंदू, कुठे ठेवायचे हे आपणच सांगत असतो. टॅबलेटवर काम करणारे बहुतेक विद्यार्थी दोन्ही बिंदू पडद्याच्या आतच ठेवतात, कारण तेवढीच जागा डोळ्यांसमोर असते. बिंदू फार जवळ आले की इमारतीचा जवळचा कोपरा भाल्यासारखा टोकदार होतो आणि वाडा पुढे कोसळत असल्याचा भास होतो. आमच्या वेळी शिक्षक बोर्डाच्या दोन्ही बाजूंना जादा कागद जोडायला लावत आणि बिंदू तिकडे घेत. त्या कंटाळवाण्या कामातून हे अंतर अंगवळणी पडत असे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे राहून एकदा पेन्सिलीने रेखाटन करा. बुरुजांच्या कडा कोणत्या उताराने खाली येतात ते पाहा, आणि मग तीच जाळी सॉफ्टवेअरमध्ये बसवा. बिंदू किती दूर न्यावे लागतात हे पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

प्रश्न : मी गृहिणी आहे, वय ५२. चित्रकलेचे शिक्षण नाही, पण चाळीस वर्षे रोज दारात रांगोळी काढते. लेकाने टॅबलेट दिला, त्यावर आता सणांच्या शुभेच्छांसाठी देवनागरी अक्षरे आणि नक्षी काढते आहे. भाची म्हणते की पाया कच्चा आहे, आधी स्केचिंग शिकायला हवे. खरेच सगळे पहिल्यापासून शिकावे लागेल का? (फोंडा, गोवा)

उत्तर : ताई, आपला पाया कच्चा नाही. रांगोळीत चिमटीतून पीठ सोडताना रेषेची जाडी बोटांच्या दाबावर आणि हाताच्या वेगावर ठरते. स्टायलसचे तंत्र याहून फार वेगळे नाही. मोठी रांगोळी काढताना आपला हात खांद्यातून फिरतो, तर टॅबलेटवर वाढलेली मुले केवळ मनगटातून रेषा काढतात, म्हणून त्यांचे मोठे वळण थरथरते आणि सॉफ्टवेअरला ते सावरावे लागते. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे तर जाळीवर आकृती बसवण्याचे शिक्षणच आहे. पारंपरिक रेखाटन म्हटले की आपण फक्त कलाशाळेतली पेन्सिल आणि प्लास्टरचे पुतळे डोळ्यांसमोर आणतो, ही आपली सगळ्यांचीच मोठी चूक आहे. भाचीलाही एकदा दारात रांगोळी घालायला बसवावे.

अक्षरांसाठी मात्र एक गोष्ट नव्याने शिकावी असे मी आग्रहाने सांगेन, ती म्हणजे बोरूने, टोक तिरके कापलेल्या काडीच्या लेखणीने, लिहिणे. विंडोजमध्ये असलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. ते अक्षरकलेचे थोर अभ्यासक होते, कवीही होते, आणि आयआयटी मुंबईत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. संगणकावरच्या अक्षराच्या आधी त्यांच्यापाशी हाताने लिहिलेले अक्षर होते. देवनागरीच्या बोरूचे टोक रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट तिरके कापतात, त्यामुळे वळणाचा जाड आणि बारीक भाग दोन्ही लिप्यांत वेगवेगळ्या जागी येतो. सॉफ्टवेअरमधले तयार कॅलिग्राफी ब्रश बहुधा रोमन अक्षरांच्या बेताने बनवलेले असतात. त्यांनी 'क' किंवा 'व' लिहिला की अक्षर वाचता येते, पण काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते, आणि काय चुकले ते बोरू कधीच न धरलेल्याला सापडत नाही. आपण आधी बोरूने, जुन्या वर्तमानपत्राच्या पूर्ण पानावर, वीतभर उंचीची अक्षरे लिहा. 'अ', 'र', 'क' आणि 'ळ' ही चार अक्षरे सुरुवातीला पुरेत. मग ब्रशच्या मांडणीत जाऊन त्याच्या टोकाचा कोन उलट दिशेला वळवा आणि कागदावरच्या 'अ'शी पडद्यावरचा 'अ' ताडून पाहा. दोन्हींची जाडी एकाच जागी येईपर्यंत कोन थोडा थोडा फिरवत राहा; तो एकदा जुळला की ब्रशला नाव देऊन जतन करून ठेवा.